पाठपोट कागद

कोऱ्या कागदाची पाठ दिसली की आमच्या सरांना राहवत नसे. त्या शाळेत लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी आईच्या आजारपणासाठी रजेचा अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज माझ्या हातात परत आला. मागच्या बाजूला 'रजा मंजूर' असं लिहिलेलं, खाली सरांची सही, आणि सहीच्या खाली नववीच्या भूमितीच्या तासांचं वेळापत्रक. मी विचारलं, फाईलला काय लावू? तर म्हणाले, हाच लावा, पण आधी वर्गात वेळापत्रक वाचून दाखवा. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठं येऊन पडलीस तू.

शाळा भंडारा जिल्ह्यात, सानगडीच्या अलीकडच्या एका गावात होती. गावाला मोठा तलाव, तलावाखाली धानाचे बांध, आणि बांधाच्या पलीकडं शाळेच्या खोल्या. सर तिथले मुख्याध्यापक, गणित शिकवायचे. कोंढ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकून वर आलेला. उंच, हडकुळा माणूस, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि कोपरापर्यंत शाई. लग्नपत्रिका, औषधाच्या दुकानातली पावती, मतदानाच्या वेळी वाटलेले कागद, कशाचीही मागची बाजू ते सोडत नसत. रिकाम्या पाठीला ते 'पडीत' म्हणत, न पेरलेल्या जमिनीला म्हणतात तसं. एखाद्या मुलानं वहीचं पान एका बाजूनं लिहून पुढचं पान घेतलं, की सर त्याच्या डोक्यावर उभे. "एका अंगानं भाजलेली पोळी खातोस का तू घरी?" पोरगं मुंडी हलवायचं. "मग हे काहून पडीत ठेवलं?"

त्यांच्या या वेडाला जोड मिळाली ती सायक्लोस्टाइल मशीनची. कुठल्याशा ऑफिसातून निघालेली जुनी मशीन शाळेनं घेतली होती. मेणकागदासारख्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं लिहायचं, ती स्टेन्सिल शाईच्या ड्रमवर चढवायची, हँडल फिरवायचं आणि एकेक कागद छापून बाहेर. शाळेचं छप्पर गळायचं म्हणून मशीन सरांच्या घरी, पुढच्या खोलीत ठेवलेली. घर दोनच खोल्यांचं. पुढच्या खोलीत एका भिंतीला धानाची ढोली, म्हणजे आपली बांबूची, शेणानं सारवलेली माणूसभर उंचीची कोठी, दुसऱ्या भिंतीला मशीन, मध्ये एक बाज. मी शेजारच्याच खोलीत भाड्यानं राहायचे, आमच्यामध्ये एक भिंत. अक्षर बरं म्हणून स्टेन्सिल लिहायचं काम माझ्याकडं आलेलं.

सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंचा त्या मशीनवर सवतीवर असावा तसा राग. पाहुणा आला तर त्याला बाजेवर बसवायचं, आणि शाई लागेल म्हणून पाय वर घेऊन बसायला सांगायचं, असला त्यांचा संसार. सर छपाईआधी प्रत्येक कागद गालाला लावून ओल बघत. काकू मला म्हणाल्या होत्या, मले ताप आला तं यानं कधी कपाळाले हात नाई लावला, कागदाले मात्र गाल लावते. हे त्या सरांच्या समोरच म्हणाल्या. सर दुसरा कागद गालाला लावत होते.

एका बाजूनं छापणं कुणालाही येतं, असं सर म्हणायचे. खरी कसोटी पाठपोट छपाईत. पोट, म्हणजे पुढची बाजू, छापून झालं की शाई वाळू द्यायची, नाहीतर एकाची शाई दुसऱ्याच्या अंगाला. कागद ओला असला की कडा वळतात आणि दुसऱ्या फेरीत तो रुळात गुंडाळतो. आणि सगळ्यात मुख्य, कागद पुन्हा घालताना त्याचं डोकं कुठं आहे ते बघायचं. डोकं चुकलं की पुढचं सरळ आणि मागचं उलटं. हे सगळं ते मला इतक्यांदा सांगत की मला झोपेतही पाठ झालं होतं. त्यांच्या बोलण्यात मात्र एक शब्द कधीच नसायचा, तो म्हणजे चूक, निदान स्वतःची. एकदा लाखनीला मीटिंग होती आणि सर लाखांदूरच्या एस.टी.त बसून गेले. संध्याकाळी परत आले ते म्हणाले, लाखांदूरची शाळा बरेच दिवस बघायची राहिली होती. असा हा माणूस. भांडून उपयोग नव्हता, मी सुरुवातीला भांडून पाहिलं होतं.

आता जे सांगायचं ते दहावीची नवी परीक्षा सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाचं. आमच्या मुलांना बोर्डाचा पेपर द्यायला साकोलीला जावं लागायचं. मुलं जायची, कुणाच्या तरी ओळखीनं राहायची, परत यायची. मुली जात नसत. रोजची एस.टी. वेळेवर येईल याचा भरवसा नाही, आणि परगावी मुक्काम म्हटलं की बाप लोकांची मान आडवी हलायची. वर्षभर शिकलेली पोरगी फॉर्मच्या वेळी घरी बसायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका यायची. सरांना याचा फार राग. असे ते कुणासाठी रडणारे नव्हते, पण त्या पत्रिकांच्या मागे त्यांनी कधी काही लिहिलं नाही, तेवढ्या तशाच कोऱ्या ठेवून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्या वर्षी दहावीत शकुन होती. तिचा बाप दसाराम, थोडी धानाची शेती आणि गावात किराण्याचं छोटं दुकान. शकुन गणितात सगळ्या वर्गाच्या पुढं. वर्गातल्या बाकीच्या मुलींचे बाप दसारामकडं बघून ठरवणार, आणि दसारामनं सांगून टाकलेलं, सेंटर गावात झालं तर बसवतो, साकोलीले नाई पाठवत. म्हणून सरांनी वरच्या ऑफिसात खेटे घालघालून परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेला मागितलं होतं. शेवटी निरोप आला. एक साहेब सहामाही परीक्षेच्या पहिल्या दिवशी येणार, शाळा परीक्षा कशी घेते ते बघणार, आणि त्यावर ठरणार. पहिला पेपर गणिताचा.

त्या दिवसांत कागदाची टंचाई होती. शाळेकडं होता तेवढ्या कागदात आठवी, नववी, दहावी बसवायची तर पाठपोट छापण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तसंही सरांनी दुसरं काही केलं नसतं. आदल्या दिवशी दुपारी सगळ्या पेपरांचं पोट छापून झालं. पाऊस परतीचा, तलाव काठोकाठ, हवा इतकी ओली की मीठसुद्धा पाझरत होतं. शाई काही केल्या वाळेना. घरभर कागद पसरले, काकूंना पाय ठेवायला जागा नाही. संध्याकाळपर्यंत कडा वर वळायला लागल्या. तेव्हा सरांना ढोली सुचली. ढोलीतलं धान कोरडं, ओल शोषून घेतं, हे त्या भागातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यांनी कागदांच्या लहान लहान गड्ड्या केल्या, सुतळी बांधली आणि ढोलीत वाकून एकेक गड्डी धानात पुरली. काकू म्हणाल्या, उद्या भातात गणित निघन.

सकाळी मी गेले तेव्हा सर ढोलीत कमरेपर्यंत वाकलेले. कागद खरंच कोरडे झाले होते, कुरकुरीत, नुसता हात फिरवला तरी आवाज यायचा. सर इतके खूश होते की मला चहा विचारला. गड्डी काढायची, फुंकर मारून कोंडा झटकायचा, सुतळी सोडायची आणि बाजेवर रचायची, असं त्यांचं चाललं होतं. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाले, "बाई, तुमी दूर राहा. घाईतल्या माणसाचा हात कागदाले समजते." अकराला पेपर होता. साहेब दहाच्या गाडीनं येणार होते.

आठवीचा गठ्ठा बरा गेला. नववीच्या मध्यावर, बाहेरच्या हवेनं पुन्हा दमट झालेला एक कागद रुळात गुंडाळला आणि त्याच्या मागोमाग आणखी. सरांनी ड्रम थांबवला, बोटं घालून चिंध्या ओढून काढल्या. पुन्हा सुरू, पुन्हा अडकला. सरांच्या कानशिलावरून घाम वाहत होता आणि मला घड्याळाकडं बघवत नव्हतं. दहावीची स्टेन्सिल चढवली तर डोक्याकडून तडकायला लागली. दुसरी लिहायची तर तास गेला असता. सरांनी बाटलीतलं दुरुस्तीचं लाल औषध तडकलेल्या जागी लावलं, फुंकून फुंकून वाळवलं, आणि हँडल इतकं हळू फिरवलं की एकेक कागद मी मनात मोजत होते. बाहेर रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. काकू दारातून म्हणाल्या, साहेब उतरले. शेवटचा कागद बाहेर आला, स्टेन्सिल फाटली नाही, आणि सर तोंडभर हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

वर्गाकडं निघताना मी सहज वरचा एक पेपर उलटून पाहिला. मागचे प्रश्न डोक्यावर उभे. खालचे काही तसेच, मग काही सरळ. त्यांच्या खालचे पुन्हा उलटे. मी बाजेकडं बघितलं आणि मला सगळं उमगलं. पुढच्या दिवसांच्या पेपरांच्या थोड्या गड्ड्या तिथं अजून रचलेल्या होत्या. सरांनी त्या पुंजण्यासारख्या रचल्या होत्या. धान कापलं की पेंढ्यांचा पुंजणा घालतात, लोंबं आतल्या बाजूला, बुडखे बाहेर, गोल. लहानपणापासून त्या हातांनी पेंढ्याच रचलेल्या. घाईत कागदही तसेच रचले गेले, डोकी आत आणि पाय बाहेर, समोरासमोर. मग सर हाताला येईल तिकडून गड्डी उचलत गेले. अर्ध्या गड्ड्या डोक्याकडून गेल्या, अर्ध्या पायाकडून. मला नियम सांगसांगून दमलेला माणूस, त्याच्याच हातानं हे झालं.

मी सरांना बाजूला घेऊन दाखवलं. त्यांनी आणखी दोन-चार पेपर उलटून पाहिले. कोरा कागद तर एकही उरला नव्हता. मी म्हटलं, साहेबांना सरळ सांगून टाकू, ओल होती, घाई झाली, मुलं कागद फिरवून वाचतील, त्यात काय एवढं. सर गठ्ठा उचलून वर्गात गेले.

साहेब शांत स्वभावाचे होते. भंडाऱ्याकडचेच, पन्नाशीचे, पायात चिखल लागलेल्या चपला. वर्गाच्या मागं उभं राहून त्यांनी दोन मुलांचे पेपर उचलले, उलटले, एकमेकांशेजारी धरले. वर्गात कुणी पेपर फिरवतंय, कुणी मान फिरवतंय, मागच्या बाकावर खुसखुस चाललेली. शकुननं तेवढं एकदाच कागद फिरवला आणि मान खाली घालून लिहायला लागली. साहेब सरांजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, छपाईत चूक झाली असेल तर तसं म्हणा. मी टिपून घेतो, विषय संपला."

यापेक्षा सोपं काय असतं? मी सरांकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, बोला हो, दोन शब्द बोला. सरांनी गळा साफ केला.

"चूक नाही साहेब. शेजारच्याचं पाहून लिहू नये, म्हणून मुद्दाम एक सरळ आणि एक उलटा छापला."

साहेब म्हणाले, "पण प्रश्न तर तेच आहेत."

"प्रश्न तेच आहेत," सर म्हणाले, "पण उलटे आहेत."

सगळा वर्ग फिस्सकन हसला. मुलांना हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. दोन्ही पेपर परत बाकावर ठेवले आणि खिशातलं पेन खिशातच ठेवलं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, चूक लपवणारं केंद्र बोर्डाला परवडत नाही, बाई. त्या वर्षी केंद्र मिळालं नाही.

मला सरांचा इतका संताप आला की आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंही नीट बोलले नाही. एका माणसाची मान ताठ राहावी म्हणून गावच्या सगळ्या पोरी घरी बसणार. शकुन शाळेत येत होती, पण वही उघडायची नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, आता कायले, बाई?

फॉर्मची मुदत सरत आली तेव्हा एका दुपारी सर माझ्या दाराशी उभे. म्हणाले, दसारामकडं जायचं आहे, तुम्ही चला, घरात बायामाणसं असतात. मी गेले. दसाराम अंगणात बसला होता. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं, आणि सरांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं की साकोलीचं नाव काढू नका. मग जरा थांबून म्हणाला, "सेंटर काहून नाई देलं सर? गावात म्हणतात, पेपर उलटे छापले. खरं हाये का?"

मी खाली बघितलं. आता सर काय काढतात, पाऊस, मशीन की बोर्ड, याचीच मी वाट बघत होते.

"खरं हाये," सर म्हणाले. "माझं चुकलं, दसारामभाऊ. मशीनीचं नाही, माझं. कागद ढोलीतून काढले आन् पुंजण्यावानी रचले. मंग डोकं कुठं आन् पाय कुठं, समजलंच नाही."

दसारामनं हातानं रचून दाखवत विचारलं, असे? लोंब आतमंदी? सरांनी मान हलवली. दसाराम म्हणाला, "मी बी तसेच रचले असते. मले दुसरं रचताच येत नाई." आणि मग, "हे सायबाले सांगाचं होतं सर. तोही धानाच्याच मुलखातला माणूस."

"तेव्हा सांगता नाही आलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला त्यांच्याकडं बघवेना. इतक्या दिवसांचा माझा राग त्या अंगणात कुठं गेला कोणास ठाऊक.

दसाराम बराच वेळ सुपारी कातरत बसला. शेवटी म्हणाला, पोरगी एकटी राहणार नाही, सोबतीला घरचं बाईमाणूस पाहिजे, तर बघू. सरांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, माझी बायको राहीन पोरीइसंग. दसाराम म्हणाला, मग भरा फॉर्म.

आम्ही घरी आलो तेव्हा काकू सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. सरांनी सगळं सांगितलं. काकूंचं पाखडणं थांबलं नाही. "मले विचारलं होतं का?" त्या म्हणाल्या. सर उभेच. काकूंनी आणखी दोन सुपं पाखडली, खडे वेचले, आणि मान वर न करता म्हणाल्या, "जाईन मी. पण फॉर्म दोन भरा. एक शकुनचा, एक माझा."

काकूंचं नववी पास झाल्यावर लग्न झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होते आणि मला माहीत नव्हतं. सर म्हणाले, या वयात? काकू म्हणाल्या, पोरीइच्या खोलीवर रिकामी बसून काय करू? बाहेरून बसणाऱ्यांचा फॉर्म असतो, तो सरांनी स्वतः साकोलीला जाऊन आणला.

शकुन जाते म्हटल्यावर आणखी चार मुलींचे बाप तयार झाले. साकोलीत एका ओळखीच्या घराची मागची खोली मिळाली. काकू पहाटे सगळ्यांचा भात रांधायच्या आणि मग मुलींच्या रांगेत बसून पुस्तक उघडायच्या. पेपर सुटायच्या वेळेला सर गेटजवळ उभे असायचे, आणि दसारामही. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. बाहेर येणाऱ्या मुलींमध्ये काकू सगळ्यात शेवटी यायच्या, पदर नीट करत, आणि सरळ खोलीकडं चालू लागायच्या.

जूनमध्ये निकाल लागला. शकुन पास झाली, चांगली पास झाली, आणि चौघींपैकी तिघी. दसारामनं दुकानातून सगळ्या गल्लीला साखर वाटली. काकूंचा नंबर यादीत नव्हता. गुणपत्रिका आली त्या दिवशी मी त्यांच्याकडंच होते. सगळ्या विषयांत पास, गणितात गेल्या होत्या.

काकू हसायला लागल्या. "मास्तरच्या घरी सारा जन्म काढला आन् गणितात गेली मी," म्हणाल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि तरी हसतच होत्या. सर गुणपत्रिका हातात धरून बाजेवर बसले होते. मला वाटलं, आता पेपर तपासणाऱ्याचा उद्धार होणार. या माणसानं सगळ्या गावाच्या पोरांना गणित शिकवलं होतं, शकुनला शिकवलं होतं, आणि साकोलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या वहीत जादा गणितं घालून दिली होती. घरात मात्र एकही नाही.

सर म्हणाले, "माझं चुकलं."

काकूंचं हसू थांबलं. "काय म्हणलं?"

सरांनी पुन्हा सांगितलं, आता जरा मोठ्यानं. काकूंनी गुणपत्रिका त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, ऑक्टोबरात पुन्हा बसन मी.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायला लागला. सर समजावून सांगायचे, काकू म्हणायच्या, नाई समजलं, पहिल्यापासून सांगा. आणि सर पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.